सहा अंक, सात घरे

पत्त्याच्या शेवटी पिनकोड लिहिणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ही सवय एके काळी मुद्दाम लावून घ्यावी लागली होती हे सहसा कोणाला आठवत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने ही पद्धत सुरू केली. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्याच्या अनेक भाषा आणि लिप्या, यांमुळे पत्रे वाट चुकत. त्यावर उपाय म्हणून सहा अंकी क्रमांकाची योजना आखली ती केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पुण्यातला ४११०३० हा क्रमांक घेऊ. त्यातला पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसऱ्या अंकापाशी टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणारे टपाल कार्यालय सांगतात. म्हणजे हा नुसता आकडा नव्हे. त्याला घडण आहे. तो सहा अंकीच असतो आणि त्याचा पहिला अंक शून्य नसतो.

पाकिटावर कोणी पाचच अंक लिहिले, तर टपाल वर्गवारी करणारा कर्मचारी थबकतो, गावाचे नाव वाचतो आणि अंदाज बांधतो. संगणक असा आपणहून थबकत नाही. त्याच्यापुढे आलेली चिन्हांची माळ बरोबर घडणीची आहे की नाही, हे तपासायला त्याला कोणीतरी सांगावे लागते. ही तपासणी अगदी साधी वाटते. पण गेल्या पन्नास वर्षांतले संगणकांचे काही मोठे अपघात नेमके इथेच घडले आहेत. त्यांचे मूळ शोधत मागे गेलो, तर आपण १९७०च्या आसपास घेतल्या गेलेल्या एका छोट्या आणि त्या काळी अगदी शहाणपणाच्या निर्णयापाशी पोचतो. त्या निर्णयाचा इतिहास या लेखात पाहू.

माळ संपते कुठे?

संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेली घरे, अशी कल्पना करू. प्रत्येक घराला क्रमांक असतो आणि प्रत्येक घरात ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. अशा एका घराला बाइट म्हणतात. आपण कळफलकावर ४ हा अंक दाबतो तेव्हा घरात चार ही संख्या जात नाही, तर त्या चिन्हाचा ठरलेला संकेत, म्हणजे ५२ जातो. ० ते ९ या अंकांचे संकेत ४८ ते ५७ असे आहेत. तेव्हा ४११०३० हा पिनकोड सहा घरांत सहा संकेत म्हणून बसतो. अशा चिन्हमाळेला संगणकाच्या परिभाषेत स्ट्रिंग म्हणतात. आपण माळच म्हणू.

आता प्रश्न असा, की ही माळ सहाव्या घरात संपली हे यंत्राला कसे कळायचे? सातव्या घरातही कोणती तरी संख्या असतेच, कारण घर कधी रिकामे नसते.

हा प्रश्न माणसांनी संगणकाच्या आधीच दोन रीतींनी सोडवला होता. पहिली रीत मोजणीची. तारेच्या मजकुराबरोबर शब्दांची संख्याही पाठवली जाई आणि पलीकडचा तारबाबू आलेले शब्द त्या संख्येशी ताडून पाही. दुसरी रीत शेवटच्या खुणेची. धनादेशावर किंवा पावतीवर आपण ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ असे लिहितो. त्यातला ‘फक्त’ म्हणजे माळेची गाठ. त्याच्यापुढे आणखी काही असणार नाही, असे तो सांगतो.

संगणकाच्या भाषांनी या दोन्ही रीती वापरल्या. १९६७ साली केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल नावाची भाषा तयार केली. तिच्यात माळेच्या पहिल्या घरातच पुढे किती चिन्हे आहेत ती संख्या लिहिलेली असे. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी बीसीपीएलवरून बी ही भाषा बेतली. तिच्यासाठी हाताशी असलेले पीडीपी-७ हे यंत्र लहानसे होते. त्याच्या स्मृतीत अठरा बिटांचे जेमतेम आठ हजार शब्द मावत. बी भाषेत माळेची संख्या लिहिणे बंद झाले आणि तिच्या शेवटी एक खुणेचे चिन्ह आले. १९७२च्या सुमारास बीमधून डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिच्यात ही खूण म्हणजे शून्य असलेला एक बाइट असे ठरले. हे शून्य म्हणजे ‘०’ हा अंक नव्हे. त्या अंकाचा संकेत ४८ आहे. हा संकेतच शून्य आहे.

या बदलाची कारणे रिची यांनी १९९३ साली सी भाषेचा इतिहास सांगताना दिली आहेत. एक म्हणजे, आठ किंवा नऊ बिटांच्या जागेत संख्या लिहायची तर माळेच्या लांबीला मर्यादा पडते; आठ बिटांत २५५च्या पुढे जाता येत नाही. दुसरे म्हणजे, माळेत काही बदल झाला की दर वेळी ती संख्या बदलत बसण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणे त्यांना अनुभवाने सोयीचे वाटले. दोन्ही कारणे वाजवी आहेत.

मात्र या निर्णयाचा परिणाम समजून घ्यायला हवा. सी भाषेत सहा अंकी पिनकोडला सहा नव्हे, सात घरे लागतात. शिवाय माळ किती लांब आहे हे जाणून घ्यायचे, तर गाठ सापडेपर्यंत एकेक घर चालत जावे लागते. आणि ज्या घरांत ती माळ ठेवायची ती घरे किती आहेत, याची नोंद भाषा आपल्यासाठी बाळगत नाही. सी ही यंत्राच्या अगदी जवळ राहणारी, खालच्या पातळीवरची भाषा आहे. ती वेगवान आहे, कारण ती मधे मधे काही विचारत नाही. मोजणीचा भार भाषेने खाली ठेवला. तो नाहीसा झाला नाही, तर आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर गेला.

५१२ घरे आणि ५३६ बाइट

२ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी अमेरिकेतील विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे संगणक एकाएकी मंदावू लागले. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिलेली, स्वतःच्या प्रती स्वतःच काढणारी एक आज्ञावली इंटरनेटवर पसरत होती. पुढे तिला ‘मॉरिस वर्म’ असे नाव पडले. सुमारे ६,००० यंत्रांना तिची बाधा झाली असा अंदाज त्या वेळी वर्तवला गेला. तोही मोजून काढलेला नव्हता. त्या काळी सगळ्या इंटरनेटवर मिळून साठ हजारांच्या आसपास यंत्रे होती, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे गांभीर्य कळते.

या आज्ञावलीकडे दुसऱ्या यंत्रात शिरण्याच्या अनेक वाटा होत्या. सोपे परवलीचे शब्द ओळखणे ही त्यांपैकी एक. आपल्याला इथे दुसरी वाट पाहायची आहे. त्या काळच्या युनिक्स यंत्रांवर ‘फिंगर’ नावाची सेवा असे. तिला एका ओळीत एखाद्याचे नाव पाठवले, की ती व्यक्ती त्या यंत्रावर काम करते का, हे ती सांगे. ही ओळ घेण्यासाठी ५१२ घरे राखून ठेवली होती. एका नावाला ५१२ घरे म्हणजे पुष्कळच झाली. ओळ वाचण्याचे काम सी भाषेतील ‘गेट्स’ या तयार फंक्शनकडे होते. हे फंक्शन ओळ संपेपर्यंत वाचत जाते आणि वाचलेले घराघरांत ठेवत जाते. घरे किती आहेत, हे त्याला सांगायची सोयच नाही.

मॉरिसच्या आज्ञावलीने ५३६ बाइटांची ओळ पाठवली. जास्तीचे चोवीस बाइट ५१२ घरांच्या पलीकडे सांडले. तिथे यंत्राने स्वतःच्या उपयोगाची एक नोंद ठेवलेली होती: हे काम संपल्यावर कुठे परतायचे, त्याचा पत्ता. ओळ अशी बेतलेली होती, की या परतीच्या पत्त्यावर नवा पत्ता लिहिला जाई, आणि तो त्या ओळीतच दडवलेल्या सूचनांकडे बोट दाखवी. परिणामी व्हॅक्स जातीची यंत्रे नाव शोधण्याऐवजी आलेल्या पाहुण्याचे हुकूम पाळू लागली. सन यंत्रांवर ही युक्ती चालली नाही. तिथे ती सेवा नुसती कोलमडली.

मॉरिसवर खटला झाला. १९९० साली त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. ‘गेट्स’वर मात्र बराच काळ काहीच कारवाई झाली नाही. १९८९ साली सी भाषेचे अमेरिकी प्रमाणक ठरले, त्यात ते फंक्शन होतेच. प्रमाणकातून ते काढून टाकले गेले २०११ साली, म्हणजे त्या संध्याकाळनंतर तेवीस वर्षांनी. लाखो जुन्या आज्ञावल्यांमध्ये एकदा रुजलेली सोय काढून घेणे किती कठीण असते, ते यावरून दिसते.

पिनकोड तपासायचा कसा?

मग योग्य रीत कोणती? कागदावर सात घरे आखून आपण ती पाहू. पहिल्या घरातला संकेत ४९ ते ५७ यांच्यामध्ये आहे का? नसेल तर तिथेच नकार द्यायचा आणि पुढे पाहायचे नाही. असेल तर दुसऱ्या घरापासून सहाव्या घरापर्यंत एकेक संकेत ४८ ते ५७ यांच्यामध्ये आहे का, ते पाहायचे. जिथे नसेल तिथे थांबायचे. शेवटी सातव्या घरात शून्याची गाठ आहे का? असेल तरच पिनकोडची घडण बरोबर.

या क्रमातली गंमत विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. कोणी तीनच अंक दिले, तर चौथ्या घरात गाठ असेल. गाठीचा संकेत शून्य. तो ४८ ते ५७ यांच्यामध्ये नाही, म्हणून तपासणी तिथेच थांबते आणि माळेच्या पलीकडच्या परक्या घरात डोकावत नाही. उलट आधी सगळी सहा घरे वाचून घेऊ आणि मग तपासू असे म्हटले, तर आपण परक्या घरात शिरलेलोच असतो.

आणखी एक बारकावा आहे. ‘गेट्स’च्या जागी ‘एफगेट्स’ हे फंक्शन वापरतात. त्याला घरांची संख्या सांगता येते आणि तेवढी भरली की ते थांबते. पण त्याला सातच घरे दिली आणि कोणी वीस अंक टाइप केले, तर ते पहिले सहा अंक उचलते, सातव्या घरात गाठ मारते आणि उरलेले अंक बाजूला तसेच राहतात. हातात येतो तो निर्दोष दिसणारा सहा अंकी पिनकोड! घरे सांडली नाहीत हे खरे, पण चुकीचे बरोबर दिसू लागले. म्हणून घरे थोडी जास्त ठेवावीत आणि सहा अंकांनंतर ओळ खरोखरच संपली का, हेही पाहावे. कापून बसवणे आणि तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकच खूण, दोन वेष

आतापर्यंत आपण अंक इंग्रजी धाटणीचे आहेत असे धरून चाललो. कोणी अर्जात देवनागरीत ४११०३० लिहिले तर? माणसाच्या दृष्टीने ते पूर्णपणे बरोबर आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र देवनागरी ४ हे एका घरात मावणारे चिन्हच नाही. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत ते २२४, १६५, १७० असे तीन घरांत बसते. सहा अंकांना अठरा घरे, आणि गाठीसह एकोणीस. सात घरांच्या हिशेबाने लिहिलेली आज्ञावली मराठी माणसाच्या साध्या, प्रामाणिक उत्तरानेही अडचणीत येऊ शकते. तेव्हा ‘किती अक्षरे’ आणि ‘किती बाइट’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ‘पुणे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. यंत्रात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे मिळून त्याचे बारा बाइट होतात.

यूटीएफ-८ ही पद्धत सप्टेंबर १९९२मध्ये रचली ती केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी. टॉम्प्सन म्हणजे बी भाषेचेच कर्ते. न्यू जर्सीतील एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर तिचा आराखडा झाला, असे पाइक यांनी नमूद केले आहे. तिच्यात शून्य बाइट दुसऱ्या कोणत्याही चिन्हाचा भाग म्हणून येत नाही, त्यामुळे सी भाषेची गाठ शाबूत राहते. शिवाय अनेक घरांच्या चिन्हाचा पहिला बाइटच सांगतो, की हे चिन्ह किती बाइटांचे आहे. म्हणजे माळेला शेवटची खूण आणि प्रत्येक चिन्हाला आधी मोजणी, असा दोन्ही रीतींचा संगम इथे झाला.

पण घडण आली की घडणीची तपासणीही आली. तिरपी रेघ या चिन्हाचा संकेत ४७. ते एका घरात बसते. तेच चिन्ह नियम वाकवून १९२, १७५ अशा दोन घरांतही लिहिता येते. जसे आपण सातला ०७ लिहावे, तसे. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये याच कारणाने एक भगदाड सापडले. आलेल्या मागणीत मनाई असलेल्या कप्प्याकडे नेणारी तिरपी रेघ आहे का, हे आधी पाहिले जाई आणि लांब वेषातली चिन्हे नंतर उलगडली जात. तपासणीच्या वेळी रेघ दिसली नाही. तपासणी संपल्यावर ती प्रकट झाली. कंपनीने ऑक्टोबर २०००मध्ये दुरुस्ती दिली, तरी सप्टेंबर २००१मध्ये पसरलेल्या ‘निम्डा’ने दुरुस्ती न केलेल्या यंत्रांत शिरायला जे मार्ग वापरले, त्यांत हाही एक होता. नोव्हेंबर २००३च्या प्रमाणकाने असे लांब वेष अवैध ठरवून ते नाकारण्याचे बंधन घातले. तपासणी आधी आणि उलगडा नंतर असा क्रम असला, तर तपासलेली वस्तू आणि वापरलेली वस्तू एकच राहत नाहीत.

सांगितलेली लांबी आणि आलेली लांबी

हे सगळे वाचून असे वाटेल, की बीसीपीएलचीच रीत बरी होती. लांबी आधी सांगितली असती तर हे प्रसंग टळले असते. २०१४ सालची एक घटना या समजुतीला उत्तर देते.

इंटरनेटवरचे गुप्त दळणवळण सांभाळणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची सी भाषेतली आज्ञावली जगभर वापरली जाते. तिच्या मार्च २०१२मधील आवृत्तीत एक सोय आली. पलीकडचे यंत्र जागे आहे का, हे पाहण्यासाठी एक छोटा निरोप पाठवायचा आणि त्याने तो जसाच्या तसा परत करायचा. निरोपाची घडण ठरलेली होती: एक बाइट प्रकाराचा, दोन बाइट लांबीचे, मग मजकूर आणि शेवटी किमान सोळा बाइटांची भर. उत्तर देणारी आज्ञावली निरोपात लिहिलेली लांबी वाची आणि तेवढे बाइट उचलून परत पाठवी. मजकूर खरोखर तेवढा आला आहे का, हे मात्र ती पाहत नसे.

समजा, कोणी ‘शाळा’ एवढाच बारा बाइटांचा मजकूर पाठवला आणि लांबी लिहिली ६०,०००. मग ‘शाळा’च्या पुढच्या घरांत जे काही असेल, परवलीचे शब्द असोत की गुप्त किल्ल्या, ते सगळे उत्तरात निघून जाई. दोन बाइटांत ६५,५३५पर्यंतची संख्या मावते; एका निरोपामागे जवळपास तेवढी स्मृती बाहेर येऊ शकत होती, आणि निरोप हवे तितके पाठवता येत. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष ‘हार्टब्लीड’ या नावाने जाहीर झाला. त्याच महिन्यात कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक या वाटेने चोरीला गेले. हे क्रमांक नऊ अंकी असतात आणि त्यांचा शेवटचा अंक खास तपासणीसाठी ठेवलेला असतो. क्रमांकांच्या घडणीची इतकी काळजी घेतलेली. ते चोरीला गेले ते दुसऱ्याच एका माळेची लांबी न तपासल्यामुळे.

दुरुस्ती एका ओळीच्या गणिताची होती. १ + २ + सांगितलेली लांबी + १६ ही बेरीज प्रत्यक्ष आलेल्या बाइटांपेक्षा जास्त असेल, तर निरोप टाकून द्या. तारबाबू पूर्वीपासून हेच करीत होता. आलेली संख्या तो खरी धरून चालत नसे. शब्द मोजून तिच्याशी ताडून पाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

फळ्यावर सात घरे आखावीत. त्यांना लागूनच आठव्या घरात ‘परतीचा पत्ता: इयत्ता आठवी’ असे लिहावे. एका विद्यार्थ्याने चिन्हे सांगावीत आणि दुसऱ्याने न थांबता लिहीत जावे; परतीचा पत्ता कधी पुसला जातो ते वर्गाने पाहावे. मग तिसऱ्या विद्यार्थ्याला तपासनीस नेमावे आणि त्याने कोणत्या क्रमाने काय विचारायचे, ते वर्गाकडूनच ठरवून घ्यावे. तीन अंकी, वीस अंकी, देवनागरी आणि मध्येच अक्षर असलेल्या, अशा चारही माळा द्याव्यात. संगणक नसला तरी हा पाठ पूर्ण होतो.

आज रस्टसारख्या भाषा माळेबरोबर तिची लांबी बाळगतात आणि घरांची सीमा स्वतः राखतात. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ची. फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयानेही अशा भाषा वापरण्याचा आग्रह धरणारा अहवाल काढला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी खाली ठेवलेला मोजणीचा भार भाषेने पुन्हा उचलावा, असे आता मानले जाते. तो खाली ठेवणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. आठ हजार शब्दांच्या स्मृतीत एकेक घर मोलाचे होते, आणि त्या यंत्राशी बोलणारी माणसे एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसत. अनोळखी माळा येऊ लागल्या त्या नंतर.

पण सीमा राखणे भाषेकडे गेले, तरी पिनकोडचा पहिला अंक शून्य नसतो, हे कोणत्याही भाषेला आपोआप ठाऊक नसते. तो नियम टपाल खात्याचा आहे. तो माहीत असलेल्या माणसानेच तो आज्ञावलीत लिहायचा असतो.